सँ-मालोत राहताना: बोंजूर, भरतीचं वेळापत्रक आणि खालच्या मजल्यावरच्या आजी

सागरिका

फ्रेंच माणसं तुटक असतात, असं निघण्याआधी मला बऱ्याच जणांनी बजावलं होतं. आता फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर, सँ-मालोत राहून चार वर्षं झाली. नवऱ्याची नोकरी रेन शहरात, तो आगगाडीने रोज जाऊन-येऊन करतो. मी घरून काम करते, त्यामुळे भाजी, पाव, टपाल, डॉक्टर, शेजार हे सगळं माझ्याकडे. इकडे शिकायला किंवा नोकरीला येणारी आपली मुलं पहिले सहा महिने बऱ्याच गोष्टी मनाला लावून घेतात. मीही घेतल्या होत्या. म्हणून हा धागा.

सुरुवात पावाच्या दुकानापासून करते. पहिल्याच आठवड्यात रांगेत उभी राहिले आणि नंबर आल्यावर घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "एक बागेत द्या, प्लीज." बागेत म्हणजे इथला लांब दांड्यासारखा पाव. काउंटरमागच्या बाई जागच्या हलल्या नाहीत. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "बोंजूर, मादाम," म्हणजे नमस्कार, बाई. आणि थांबल्या. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मागितला. पुन्हा तेच, "बोंजूर, मादाम." मागे पाच-सहा माणसं उभी. पाव घेऊन घरी आले आणि रडले.

संध्याकाळी हे खालच्या मजल्यावरच्या आजींना सांगितलं. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहतात. त्यांनी मला एवढंच विचारलं, "म्हणजे तुम्ही तिला भेटलाच नाहीत, आणि मागायला लागलात?"

ते "भेटलाच नाहीत" माझ्या डोक्यात बसलं. आपण शेजारच्या काकूंकडे विरजण मागायला गेलो तरी आधी "काय चाललंय काकू" म्हणतो, मग वाटी पुढे करतो. इथे दुकानात शिरणं म्हणजे दुकानदाराच्या उंबऱ्याच्या आत येणं. आधी त्या माणसाची दखल, मग काम. आत शिरताना बोंजूर, निघताना मेर्सी (आभार), ओ रव्वार (पुन्हा भेटू), बॉन झूर्ने (दिवस छान जावो). संध्याकाळ झाली की बोंसुआर. काहीही विकत न घेता निघालात तरी ओ रव्वार म्हणायचंच. बसमध्ये चढताना चालकाला बोंजूर. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत गेलात की बसलेल्या सगळ्यांना मिळून एक बोंजूर, आणि बसलेले सगळे पुटपुटत का होईना उत्तर देतात. हे मला आजही फार आवडतं. आजारी माणसांच्या खोलीत कुणीतरी आत येतं आणि सगळ्यांना नमस्कार करतं.

मात्र तटबंदीच्या आतल्या जुन्या गावात, जुलै-ऑगस्टच्या गर्दीत, रस्त्यावर भेटेल त्याला बोंजूर म्हणत सुटू नका. तिथे कुणी म्हणत नाही. तेच किनाऱ्याच्या पायवाटेवर गेलात की समोरून येणारा प्रत्येक जण म्हणतो. ही जी-आर ३४ नावाची वाट पूर्वी जकातीच्या शिपायांची होती, दोन हजार किलोमीटरहून लांब आहे आणि जवळजवळ सगळ्या ब्रिटनीच्या काठाने फिरते. माणसं विरळ झाली की ओळख द्यायची, असा काहीसा हिशोब असावा.

दुकानातली आणखी एक गोष्ट. काउंटरवर छोटी बशी असते, नाणी तिच्यात ठेवायची. सुटे पैसेही बशीतच येतात. मला सुरुवातीला वाटे, माझ्या हाताला हात लावायचा नाही म्हणून करतात. तसं अजिबात नाही, सगळ्यांशी तसंच आहे.

आणि आता शेवंतीची गोष्ट, कारण तीच सांगायला मी बसले होते.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटाला आजींनी जेवायला बोलावलं. रिकाम्या हाताने कसं जायचं? फुलांच्या दुकानाबाहेर पिवळ्याधमक शेवंतीच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या. मला घरची आठवण झाली, दसऱ्याचे हार आठवले, आणि त्यातली सर्वांत भरगच्च कुंडी मी उचलली. आजींनी दार उघडलं, कुंडी बघितली, क्षणभर थांबल्या, मग दोन्ही हातांनी घेतली आणि खिडकीत नेऊन ठेवली. जेवण छान झालं. निघताना त्या म्हणाल्या, "ही मी पुढच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याकडे घेऊन जाणार आहे. त्यांना पिवळा रंग आवडायचा."

एक नोव्हेंबरला, तूसँच्या म्हणजे सर्व संतांच्या दिवशी, फ्रान्सभर लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती ठेवतात. म्हणून ती कुणाच्या घरी नेत नाहीत. त्यांनी मला हे असं सांगितलं, की मी काही चुकीचं आणलं असं मला वाटूच नये. त्या वर्षी मी त्यांच्याबरोबर रोझेच्या दफनभूमीत गेले. खाली रान्स नदीचं पात्र दिसतं. त्यांनी ओल्या फडक्याने दगड पुसला आणि मी कुंडी ठेवली. तेव्हापासून दर वर्षी आम्ही दोघी जातो.

चार वर्षांत आम्ही एकमेकींच्या गालाला गाल लावायला लागलो, पण अजून "व्हू" म्हणतो, म्हणजे अहो-जाहो. "त्यू" वर यायचं की नाही हे मोठ्या माणसाने ठरवायचं असतं. मला घाई नाही.

भरती-ओहोटीबद्दल खूप लिहायचं आहे. कुणी विचारलं तर लिहिते.

घावनवाली

वाचनखूण साठवली. शेवंतीचं वाचून गलबललं.

ताई, मी नेदरलँड्समध्ये असते. सप्टेंबरमध्ये आई-बाबा रत्नागिरीहून येतायत, त्यांना चार दिवस सँ-मालो दाखवायचा विचार आहे. आई शाकाहारी, बाबा मासे खातात, दोघंही दारू घेत नाहीत. जेवणाचं कसं जमेल? आणि भरती-ओहोटीचं नक्की लिहा, बाबा त्याशिवाय समुद्रावर पाऊल ठेवत नाहीत.

कुलाबकर

आमचं गाव अलिबागजवळ. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं आणि पाणी फिरायच्या आत परतायचं, हे लहानपणापासून अंगात आहे. आमच्या आजोबांचा हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, त्याच्या आसपास पाणी भरणार. सँ-मालोत हे चालेल का?

सागरिका

@कुलाबकर, इथे तो हिशोब लावू नका, आणि हे अगदी कळकळीने सांगते. उधाणाच्या दिवसांत इथली भरती साधारण सकाळी आणि संध्याकाळी सात-आठच्या सुमारास येते, आणि ओहोटी दुपारी दोन-तीनच्या सुमारास. म्हणजे आपल्या उलटंच. शिवाय सर्वांत मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी न येता साधारण दीड दिवसाने येतं.

आणि उंची! मुंबईला मोठ्या उधाणात पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं, इथे बारा-तेरा मीटर. इंग्लिश खाडीत शिरलेलं पाणी कोतांतँ द्वीपकल्पाला अडतं आणि या कोपऱ्यात फुगतं. त्यामुळे इथे प्रत्येक भरतीला एक गुणांक असतो, २० ते १२० पर्यंत. शंभरच्या वर गेला की ती "मोठी भरती", मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस हमखास. लोक त्याचा विषय आपल्याकडे पावसाचा काढतात तसा काढतात. "उद्या एकशे दहा आहे" एवढं म्हटलं तरी समोरच्याला पुढचं सगळं कळतं: सियोंच्या किनाऱ्यावर ओकच्या ओंडक्यांच्या रांगांवर लाटा फुटणार, रस्त्यावर पाणी येणार, आणि दुपारी अर्धं गाव कुदळ-बादल्या घेऊन वाळूत उतरणार.

पाणी सहा तास सारख्याच वेगाने चढत नाही. बाराव्या हिश्श्याचा नियम इथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असतो. पहिल्या तासात एक हिस्सा, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. बारा मीटरची भरती असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी प्रत्येकी तीन मीटर चढतं. "अजून पाणी लांब आहे" असं वाटतं ते पहिल्या तासात. तिथेच माणूस फसतो.

@घावनवाली, जेवणाचं रात्री लिहिते.

अनिकेत_ब्रेस्त

फसण्यावरून. मी आणि दोन मित्र ग्राँ बे बेटावर गेलो होतो, तटाखालून ओहोटीला दगडी वाटेने जाता येतं. लेखक शातोब्रियाँ यांची समाधी तिथे आहे, समुद्राकडे तोंड करून, दगडावर नावसुद्धा नाही. त्यांना वारा आणि समुद्र यांचाच आवाज हवा होता, म्हणून तिथे मोठ्याने बोलत नाहीत, हे आम्हाला एका बाईंनी तोंडावर बोट ठेवून सांगितलं. आम्ही गप्प बसून समुद्र बघत राहिलो आणि वेळ बघायची राहून गेली. परत आलो तर वाटेवर घोट्याएवढं पाणी. एक मित्र म्हणाला, पळत जाऊ. सुदैवाने वाटेवरची पाटी वाचलेली होती: वाट बुडली असेल तर बेटावरच थांबा. थांबलो. वीस मिनिटांत त्या वाटेचा मागमूस उरला नाही. थंडीत काही तास काढले, पण पायावर चालत परतलो.

समुद्रातल्या मदतीसाठी १९६ हा नंबर फोनमध्ये ठेवा. ११२ सुद्धा चालतो. बचावनौकेवर येणारे एस-एन-एस-एम या समुद्री बचाव संघटनेचे लोक बहुतेक स्वयंसेवक असतात, जेवण अर्धवट टाकून निघतात. त्यांच्यावर ती वेळ न आणणं ही मला इथली सर्वांत मोठी सभ्यता वाटते.

मीरा_नाँत

+१ अनिकेत.

वाळूतल्या शिंपल्या-कालवांबद्दल थोडं. याला "पेश आ पिये" म्हणतात, पायी चालत केलेली मासेमारी. सर्वांना मोकळीक आहे, पण नियम पक्के. प्रत्येक जातीला किमान आकार ठरलेला, लोक छोटी मोजपट्टी बरोबर ठेवतात. ऑर्मो नावाचा कानाच्या आकाराचा शिंपला ९ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर हात लावायचा नाही, दिवसाला माणशी २० च, आणि उन्हाळ्यात पूर्ण बंदी.

मला ज्या गोष्टीवरून बोलणी बसली ती वेगळीच. दगड उलटला, खाली काही नव्हतं, पुढे गेले. मागून येणारे एक आजोबा खाली वाकले, त्यांनी तो दगड पुन्हा होता तसा पालथा घातला आणि म्हणाले, "याच्या खाली राहतात ती उन्हाने मरतात, मादाम." रागावले नव्हते. पण मी त्यानंतर एकही दगड उलटा सोडलेला नाही.

सागरिका

@घावनवाली, जेवणाचं.

आईंसाठी गालेत आहे. ब्रिटनीत कुट्टूच्या पिठाचं, खारं, पातळ घावन मिळतं, तेच गालेत. गोड असतं ते क्रेप, गव्हाच्या पिठाचं. बिलिग नावाचा गोल, सपाट बिडाचा तवा असतो, त्यावर पीठ ओतून रोझेल नावाच्या लाकडी दांडीने गोल फिरवतात. तुमच्या आई ते बघत उभ्या राहतील याची मला खात्री आहे. आपण पीठ वरून शिंपडत सोडतो, हे लोक मनगटाच्या एका वळणात पसरवतात. कड जाळीदार सुटली की जमलं.

शाकाहारी असाल तर दोन गोष्टी विचारा. "कोंप्लेत" मागवलं तर त्यात हॅम येतं, म्हणून चीज-अंडं किंवा चीज-मशरूम असं स्पष्ट सांगा. दुसरं म्हणजे जुन्या पद्धतीत तव्याला डुकराची चरबी आणि अंड्याचा बलक यांचं मिश्रण लावतात. बऱ्याच ठिकाणी आता लोणी किंवा तेल असतं. आत शिरल्यावर बोंजूर म्हणून नम्रपणे विचारलं तर खरं काय ते सांगतात, कुणी तोंड वाकडं करत नाही. साइडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू, वाटीसारख्या कपात देतात. त्याच कपात सफरचंदाचा रस मागा, लहान मुलांपासून सगळे पितात.

वेळ मात्र सांभाळा. दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी सात ते नऊ-साडेनऊ. दोन वाजून गेले की बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद. सव्वादोनला हात जोडून विनवलं तरी उपयोग नाही, आणि तसं विनवणं त्यांना अवघड वाटतं, कारण नाही म्हणायला त्यांनाही आवडत नसतं. पाणी "कॅराफ" म्हणून मागा, नळाचं असतं, पैसे पडत नाहीत. सेवाशुल्क बिलातच धरलेलं असतं. आवडलं तर एखाद-दुसरं नाणं ठेवतात, सक्ती नाही. पाव थेट टेबलावर ठेवतात, ताटलीत नाही. फक्त उपडा ठेवू नका, अपशकुन मानतात.

बाबांना कांकालला न्या, पंधरा किलोमीटर, बस जाते. बंदरावर कालवांच्या टपऱ्या आहेत. तिथेच फोडून, लिंबाबरोबर डझनाने देतात, पायऱ्यांवर बसून समुद्र बघत खायची, आणि शिंपले खाली किनाऱ्यावर टाकायचे. कचरा केल्यासारखं वाटून मी पहिल्यांदा शिंपले पिशवीत भरले होते, तेव्हा टपरीवाल्या काकांनी हाताने खूण केली, टाका, टाका. तिथे तीच रीत. लिंबाची साल मात्र कचऱ्यातच.

रेनचा_विद्यार्थी

बाजाराबद्दल. आपल्याकडे भेंडीचं टोक मोडून, वांगं दाबून बघतो. इथे फळाला हात लावायच्या आधी विचारायचं, बहुतेक वेळा विक्रेताच देतो. मला आधी हा अविश्वास वाटायचा. मग खरबूज घेताना बाईंनी विचारलं, "आज खायचंय की उद्या?" मी म्हटलं उद्या संध्याकाळी. त्यांनी तीन खरबुजं हातात घेऊन, देठाशी वास घेऊन चौथं दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बरोबर तयार होतं. आता मी हात लावत नाही, वेळ सांगतो.

पोहण्याचे कपडे घालून गावात फिरू नका. किनारा संपला की अंगावर शर्ट हवा, काही किनारी गावांत दंडही होतो. आणि सार्वजनिक तरण तलावात सैल चड्डी चालत नाही, अंगाबरोबरचीच लागते, बहुधा टोपीसुद्धा. स्वच्छतेचा नियम आहे. मला पहिल्या दिवशी दारातून परत पाठवलं होतं.

इतिहासप्रेमी_ठाणे

तटावर सुर्कूफचा पुतळा आहे ना? रोबेर सुर्कूफ, १७७३ चा जन्म. १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात त्याने ईस्ट इंडिया कंपनीचं 'केंट' जहाज पकडलं. आणि १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा ला बुर्दोने, तोही सँ-मालोचाच. आपल्या इतिहासाशी एवढा जवळचा संबंध असलेलं हे चाच्यांचं गाव, बघायची फार इच्छा आहे.

सागरिका

या, जरूर या. फक्त एक विनंती: इथे सुर्कूफला "चाचा" म्हणू नका. सरकारचं परवानापत्र घेऊन शत्रूची जहाजं धरणारा तो "कोर्सेर", हा फरक इथल्या लोकांच्या फार मनाला लागतो. आपण कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी चाचा म्हटलेलं सहन करतो का? तसंच.

हे गाव १५९० ते १५९४ स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. "ना फ्रेंच, ना ब्रेतों, मी मालोचा" हे वाक्य अजून ऐकू येतं. आणि ऑगस्ट १९४४ मध्ये तटाच्या आतलं बहुतेक सगळं गाव जळून-कोसळून गेलं, नंतर दगडावर दगड ठेवून पुन्हा बांधलं. पर्यटक कधीकधी मोठ्याने म्हणतात, "म्हणजे हे जुनं नाहीच." आजी तेव्हा लहान होत्या, नुसता धूर आठवतो म्हणतात. त्यांच्यासमोर तरी कुणी असं म्हणू नये.

प्राजक्त

सणावाराचं काय करता ताई? आरती, झांजा वगैरे? शेजारी तक्रार करतात असं ऐकलंय.

सागरिका

आधी सांगितलं तर नाही करत. घरी काही समारंभ असला की जिन्यात चिठ्ठी लावायची पद्धत आहे: अमुक दिवशी अमुक वेळेत थोडा आवाज होईल, क्षमस्व, खाली नाव. मी गणपतीला लावते, "शनिवारी संध्याकाळी सात ते साडेसात, गाणं आणि घंटा." रात्री दहानंतर आवाज नाही, आणि रविवारची दुपार शांत ठेवायची. दुसऱ्या वर्षी वरच्या मजल्यावरचं जोडपं दारात उभं राहिलं, "ऐकू का?" म्हणून. मोदक खाऊन गेले. विसर्जन घरीच बादलीत करतो, माती झाडांना.

एक सावध करते: महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला भोंगा वाजतो. चाचणी असते. घाबरून खाली धावू नका.

घावनवाली

दोन महिन्यांनी लिहितेय. आई-बाबा परवा परत गेले.

सागरिकाताईंनी आम्हाला घरीच बोलावलं, आणि खालच्या आजींनी आपला बिलिग वर आणून दिला. आजींनी आधी गालेत केली. मग आईने तांदळाचं पीठ कालवलं आणि त्याच तव्यावर घावन घातलं, रोझेल न घेता, वाटीने. आजी खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि आईच्या हाताकडे बघत राहिल्या. पहिलं मोडलं. दुसरं सुटलं तेव्हा आजींनी कड बोटाने हलकेच उचलून जाळी बघितली आणि "वाला!" (झालं बघा!) म्हणाल्या. दोघींची एकही भाषा सारखी नाही. आई त्यांना शेवटपर्यंत "बोंजूर मादाम" म्हणत होती, संध्याकाळीसुद्धा, आणि त्या दर वेळी उत्तर देत होत्या.

बाबांनी चारही दिवस गुणांक लिहून ठेवले. निघताना आजींनी त्यांच्या स्वयंपाकघरात टांगलेलं भरतीच्या वेळांचं छोटं पुस्तक काढून बाबांच्या हातात दिलं. आता ते रत्नागिरीला कालनिर्णयच्या खिळ्यालाच अडकवलंय. बाबा सकाळी चहा घेताना आधी आपली भरती बघतात, मग तिकडची.

सागरिका

ते पुस्तक डिसेंबरपर्यंतचंच आहे. नवीन वर्षाचं आलं की आजी तुमच्यासाठी एक जास्त घेणार आहेत, मला आत्ताच सांगून ठेवलंय. बाबांचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठव.